"हजारो अनोळखी माणसं फुकट ऐकतात" म्हणे

ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय: "मन जड झालंय? ॲपवर लिहा. हजारो अनोळखी माणसं फुकट ऐकतात. नाव कुणाला कळत नाही. उत्तर माणसाने दिलं काय, मशीनने दिलं काय, बरं वाटल्याशी मतलब. डॉक्टर कशाला?"

आधी 'फुकट ऐकतात'चं बघू. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस यांनी 'पॅनॉप्ली' ही अशीच ऑनलाइन सोय उभारली, तिथे नुसतं ऐकणं नव्हतंच. समजा कुणी लिहिलं, "साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही, म्हणजे माझी नोकरी गेली." एकाने धीर द्यायचा. दुसऱ्याने विचार कुठे घसरला ते दाखवायचं: साहेबांच्या मनातलं तुम्हीच ठरवून टाकलंत. तिसऱ्याने त्याच गोष्टीकडे बघायची दुसरी बाजू सुचवायची. ही उत्तरं पुढे जाण्याआधी इतर जण तपासायचे. उत्तर देणाऱ्यांत मोबदला घेणारेही होते, त्यामुळे फुकट वगैरे काही नाही.

2015 मध्ये 166 जणांवरच्या तीन आठवड्यांच्या चाचणीचे निकाल आले. नुसतं मनातलं लिहून काढणाऱ्यांपेक्षा पॅनॉप्लीवाल्यांना प्रसंगाकडे नव्याने बघणं जास्त जमलं. पुढे 2017 च्या अभ्यासात आणखी गंमत दिसली: जे इतरांना जास्त उत्तरं देत होते, त्यांचीच नैराश्याची लक्षणं अधिक कमी झाली. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच गाळलंय. आपलं गाऱ्हाणं टाकून मोकळं होण्यापेक्षा दुसऱ्याच्या गुंत्यात डोकं घालण्यात जास्त फायदा.

'नाव कळत नाही' हे अर्धसत्य. क्राइसिस टेक्स्ट लाइन ही संकटातल्या माणसांशी मेसेजवरून बोलणारी अमेरिकेतली नावाजलेली संस्था. नावं काढलेल्या संवादांची माहिती ती 'लोरिस' या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला देत होती, हे जानेवारी 2022 मध्ये उघड झालं. ओरड झाल्यावर बंद केलं.

मशीनचं उत्तर चालतं का, हे मॉरिस यांच्याच 'कोको' या ऑनलाइन आधार देणाऱ्या सेवेने करून बघितलं. सुमारे 4,000 लोकांना जीपीटी-3 या मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या मदतीने लिहिलेली उत्तरं गेली. ती लोकांना आवडलीही! पण मागे मशीन आहे हे कळल्यावर त्यांतली जादू गेली, असं मॉरिस यांनीच जानेवारी 2023 मध्ये सांगितलं.

राहिले डॉक्टर. ते कमी आहेत, हे खरंच. म्हणून आठवडेच्या आठवडे झोप नसलेल्याला किंवा जीव द्यायचे विचार येणाऱ्याला अनोळखी गर्दीच्या हवाली करायचं? सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 वर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर हा नंबर ढकला.