फ्रीजला उकडतंय

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरी कोथिंबिरीची काच झाली. जुडी उचलली तर निम्मी हातात आली आणि निम्मी ओट्यावर खळ्‌कन पडली. मागोमाग काकडी दगड झाली, विरजणाच्या वाटीतला चमचा वाटीसकट उचलला जाऊ लागला आणि एका सकाळी चार अंडी उभी तडकलेली सापडली. हे सगळं फ्रीजरमध्ये नव्हे, खालच्या कप्प्यात. फ्रीजर आपला शहाण्यासारखा वर बर्फ करत होता. खालच्यानंही त्याच्याशी स्पर्धा लावली होती.

सासूबाईंनी फ्रीजच्या अंगावर हात ठेवून पाहिलं. बाजू चांगलीच तापली होती आणि आतला घुंघुं आवाज थांबायचं नाव घेत नव्हता. "बिचाऱ्याला उकडतंय गं," त्या म्हणाल्या आणि चिंच कोळायला बसल्या. हे निदान मी हसण्यावारी नेलं. ते किती महागात पडलं ते पुढे येईलच.

फ्रीज बिघडला की आपल्याकडे माणसं न बोलावता येतात. शेजारच्या काकूंनी तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावला. तेव्हापासून स्वयंपाकघरात आम्ही आडवे चालतो. नणंदेनं फोनवरून स्टॅबिलायझर बदलायला सांगितलं. मुलगा म्हणाला, दाराचं रबर गेलं असेल. त्याची परीक्षा मात्र मला येते आणि माझ्या नोकरीला शोभतेही : दारात नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर रबर ढिलं. दहाची नोट चारही बाजूंनी ओढून पाहिली, घट्ट होती. उगाच खातरी म्हणून पाचशेचीही ओढली. सव्वीस वर्षं बँकेत काढल्यावर असं होतं.

मग मेकॅनिक आला. त्यानं दार उघडलं, लावलं आणि म्हणाला, "मॅडम, गॅस गेलाय. भरायला लागेल."

"अहो, पण गॅस गेला तर गार कमी होईल ना? इथे दही फोडायला हातोडी लागतेय."

त्यानं क्षणभर विचार केला. "मग गॅस जास्त झालाय."

सहा वर्षांत आपसूक गॅस वाढलेला तो देशातला पहिलाच फ्रीज असावा. मी मान हलवली, तेव्हा त्यानं दुसरा बाण काढला. पीसीबी. म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याचा आकडा ऐकून नवऱ्यानं खुर्ची घेतली. दोनशे रुपये व्हिजिटचे देऊन मी त्या गृहस्थांना निरोप दिला आणि रात्री मोबाइल घेऊन बसले.

आईच्या माहेरच्या फ्रीजला एक गोल खुंटी होती, एक ते सात आकड्यांची. तिच्या मागे गॅस भरलेली बारीक नळी असायची; गॅस फुगला की मशिन चालू, आक्रसला की बंद. खोटं बोलायला तिथे कोणी नव्हतंच. आताच्या फ्रीजमध्ये हे काम तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा सेन्सर करतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात आणि त्याचा स्वभाव उफराटा आहे. तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो. हा तापला की त्याचा कमी होतो, आणि गारठला की वाढतो. हा वाकडेपणा फॅरडेला १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला. आमच्या सासरी तो त्याच्याही आधीपासून असणार.

तर हा दाणा बोर्डाला सांगत राहतो की आत किती गार आहे. बोर्ड स्वतः कधी कप्प्यात डोकावत नाही. साहेब लोकांसारखं येईल त्या रिपोर्टावर चालतो. दाणा पूर्ण मुका झाला, म्हणजे तार तुटली, किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर बोर्डाला कळतं आणि पॅनेलवरचे दिवे लुकलुकतात. पण जो रोज थोडं थोडं खोटं बोलतो तो कुणालाच सापडत नाही. आमच्या शाखेतही हेच आहे, पण तो विषय वेगळा.

आमचे दिवे लुकलुकत नव्हते. म्हणजे आमचा दाणा दुसऱ्या जातीचा, असा मी संशय घेतला आणि शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत रोध मोजायचा मल्टिमीटर आणायला गेले. गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावं लागतं. माझ्या मते तिथला निम्मा धंदा त्यामुळेच होतो. मल्टिमीटर मिळाला. आणलाच आहे तर सेन्सरही घ्यावा म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "पाच के का दहा के?"

फ्रीजच्या मागच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नव्हतं. मी गप्प झालेली पाहून तो म्हणाला, "ताई, साहेबांना फोन लावून द्या."

साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "त्यातला चांगला असेल तो घे."

मी सेन्सर न घेता परत आले.

रविवारी फ्रीजची वायर काढली, खालचा कप्पा रिकामा केला आणि मागच्या भिंतीवरची प्लॅस्टिकची जाळी उचकटली. तिला चार खटके होते. आता दोन आहेत. आत दोन पांढऱ्या तारांच्या टोकाला तो महाशय लटकत होता. कनेक्टरमधून सोडवून त्याला बाहेर काढला. तारांवरचा नंबर बॅटरीच्या उजेडात वाचला, मोबाइलवर शोधला आणि उत्तर मिळालं : दहा के. म्हणजे पंचवीस अंशांना दहा किलोओहम रोध.

पण पुण्याच्या मे महिन्यात पंचवीस अंश आणायचे कुठून? त्यापेक्षा शून्य आणणं सोपं. पेल्यात ठेचलेला बर्फ भरायचा, वर थोडं पाणी ओतायचं आणि ढवळायचं. ते पाणी शून्य अंशावर येऊन थांबतं. बर्फाची आमच्याकडे टंचाई नव्हती, विरजणाचाही चालला असता. या पाण्यात दहा केचा सेन्सर तीस किलोओहमच्या आसपास दाखवतो, असं वाचलं होतं. मीटर दोनशे केवर लावला आणि दाणा पाण्यात सोडला.

पहिला आकडा सहा आला. दचकले. पाहते तर नवऱ्यानं "मी नीट धरतो" म्हणत दाण्याचं टोक चिमटीत पकडलेलं, आणि पेल्यात नुसती तार तरंगत होती. मी त्याच्या बोटांचं तापमान मोजत होते. त्याला सोफ्यावर पाठवलं, टोक पाण्यात बुडवलं आणि पाच मिनिटं वाट पाहिली. आकडा चढत गेला, अकरा, बारा, साडेबारा, आणि तिथेच बसला.

साडेबारा म्हणजे वीस अंश! बर्फात मान बुडवून बसलेला हा दाणा बोर्डाला सांगत होता, साहेब, इथे वीस अंश आहेत, काहीतरी करा. आणि साहेब बिचारे दिवसरात्र कॉम्प्रेसर पळवत होते. टोकावरच्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर होती. ओल आत शिरून त्याचं डोकं फिरलं असावं. बोर्ड निर्दोष, गॅस निर्दोष, दाराचं रबर तर माझ्या पाचशेच्या नोटेनं निर्दोष ठरवलेलं.

मी बाहेर येऊन जाहीर केलं, "आई, सापडलं. फ्रीजला वाटतंय की आत उकडतंय."

सासूबाईंनी निवडत असलेल्या मेथीवरून नजर काढली नाही. "मग मी काय म्हटलं होतं?"

मल्टिमीटर साडेचारशेचा पडला. त्यांचा तळहात फुकट होता.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा गल्लीत गेले आणि या वेळी नंबर सांगून दहा केचा सेन्सर दीडशे रुपयांत घेतला. लावण्याआधी नवा दाणाही पेल्यात बुडवला; एकदा फसल्यावर नव्या नोकराचीही परीक्षा घ्यावी. तीसच्या वर गेला. नवऱ्यानं विचारलं, लाल तार कुठे आणि काळी कुठे? दोन्ही पांढऱ्याच होत्या आणि याला उलटसुलट काही नसतं, हे समजावण्यात दाणा बसवण्याहून जास्त वेळ गेला. जाळी दोन खटक्यांवर आणि थोड्या चिकटपट्टीवर उभी केली, वायर लावली. संध्याकाळपर्यंत घुंघुं आवाज मधे मधे थांबू लागला. इतक्या दिवसांनी ती शांतता ऐकून सासूबाई म्हणाल्या, लाइट गेली का?

आता कोथिंबीर वाकते. काकडी सुरीनं कापता येते. रात्री पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून पाहिला तर सकाळी बरोबर चार अंश.

काल दुपारी नवरा जेवायला बसला, ताकाचा पेला तोंडाला लावला आणि थबकला.

"अगं, हल्ली ताक पूर्वीसारखं गार लागत नाही," तो म्हणाला. "गॅस गेला असेल का गं?"