तबकडी ऐकली आहे, काका

ऑस्ट्रेलियन ऑपेरा-गायिका नेली मेल्बा (पीच मेल्बा आणि मेल्बा टोस्ट हे पदार्थ तिच्याच नावाचे) हिच्यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश त्यांच्याच शब्दांत देते: "लेखिकाबाई पीच मेल्बा, टोस्ट आणि निरोपाच्या कार्यक्रमांतच रमल्या. बहुधा बाईंनी मेल्बाची एकही तबकडी ऐकलेली नाही. बालगंधर्वांच्या शालूंवर लेख पाडायचा आणि गाण्याचं नाव काढायचं नाही, तसलाच हा प्रकार. पीच मेल्बाची माहितीही चूक. आणि गायक पुरुष असता तर त्याला 'हिशेबी' म्हटलं असतं का?" शेवटी हसण्याचे तीन चेहरे.

पीच मेल्बाचं तुमचं बरोबर आहे. एस्कॉफिए या फ्रेंच शेफने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात तिच्यासाठी पहिल्यांदा केलं तेव्हा त्यात व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच एवढंच होतं, आणि ते बर्फाच्या हंसात मांडलेलं होतं. रास्पबेरीचा रस नंतर, कार्लटन हॉटेलात आला. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. पण एवढं सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या.

आता 'बाई'. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. तिथे मुलं 'बाई' म्हणायची, त्यात माया होती आणि थोडी भीतीही. तुमच्या 'लेखिकाबाईं'मध्ये यातलं काय आहे ते मला चांगलं कळतं. मतभेद असू द्या, पण ते सांगताना समोरच्याला ओट्यापाशी उभं करायची गरज नसते.

आणि ते "बहुधा". तेच वाक्य मला लागलं, हे लपवत नाही.

माझे वडील मिरजेत ग्रामोफोन दुरुस्त करायचे. मिरज म्हटलं की लोकांना सतार आणि तंबोरे आठवतात, पण त्याच गावात ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (सुईच्या थरथरीचा आवाज करणारा भाग) उघडून बसलेली माणसंही होती. आमच्या घरी चावी भरायचं काम माझ्याकडे. प्रत्येक तबकडीला नवी सुई, वापरलेली सुई बिस्किटाच्या डब्यात. मी चौथीत असताना कुणा गिऱ्हाइकाने जुन्या तबकड्यांचं एक खोकं आणून टाकलं. निम्म्या तडकलेल्या. त्यात एक तबकडी होती, एकाच बाजूला गाणं आणि पाठ कोरी. लेबल फिकट जांभळं. मेल्बाने गायलेलं, तोस्ती या इटालियन संगीतकाराचं 'मातिनाता' हे गाणं. वडिलांनी ती लावली आणि म्हणाले, "ही बाई फार लांबून गातेय गं."

ते का, हे मला पुढे कळलं. तबकडी १९०४ सालची, आणि तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. कलावंताने भोंग्यात गायचं आणि वरचा जोरकस सूर आला की मागे सरायचं, नाहीतर ध्वनिमुद्रण फाटायचं. शिवाय तेव्हाच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नसत. वडिलांनी त्या दिवशी वेग थोडा कमी केला आणि तो किनरा आवाज एकदम खाली येऊन भरला. मी चावीवरचा हात काढायला विसरले होते. आता सांगा, काका, तुम्ही कुठली मेल्बा ऐकलीत? मोबाइलवरची, कुणीतरी कुठल्यातरी वेगाने चढवलेली? तसं असेल तर "एकही तबकडी ऐकलेली नाही" हे कुणाला लागू होतं ते आपण नंतर ठरवू.

राग बाजूला ठेवते. (जमेल तेवढा.) गाणं वेगळं आणि प्रतिमा वेगळी, हे तुमचं गृहीतच मला पटत नाही. ते जांभळं लेबल घ्या. १९०४ मध्ये ग्रामोफोन कंपनीने भोंगा-यंत्र उचलून लंडनमधल्या तिच्या घरी नेलं. एरवी गायक कंपनीकडे जायचे. तिच्यासाठी लेबलचा रंग वेगळा ठेवला आणि किंमत लावली एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. तामान्योसारख्या बड्या गायकाची तबकडी एका पौंडाला, म्हणजे २० शिलिंगांना होती. तबकडीची लाख तीच, खाचा तशाच. वरचा तो एक शिलिंग कशाचा? माझा अख्खा लेख त्या एका शिलिंगाबद्दल होता. कपाट उघडलं की जांभळी चकती दिसायची आणि घरात गिनीवालं गाणं आहे हे पाहुण्याला सुई टेकायच्या आधी कळायचं.

आणि हे मुळात नावापासून सुरू होतं. १८६१ साली मेलबर्नच्या रिचमंड भागात जन्मलेली हेलन पोर्टर मिचेल, बांधकाम ठेकेदाराची मुलगी. १८८७ मध्ये ब्रसेल्सला 'रिगोलेत्तो' या ऑपेरात जिल्दाच्या भूमिकेत उभी राहिली तेव्हा ती मेल्बा झालेली होती, गावाचं नाव अंगावर घेऊन. युरोपातला श्रोता तिचा पहिला सूर ऐकायच्या आधी तिचं हे नाव वाचत होता.

बालगंधर्वांची उपमा तर तुमच्यावरच उलटते. माझ्या आजीने त्यांना रंगमंचावर पाहिलं होतं. ती आधी पदराबद्दल बोलायची आणि मग पदाबद्दल. दोन्हीला तितकाच वेळ द्यायची. त्यांची साडी नेसण्याची ढब तेव्हाच्या घराघरातल्या बायकांनी उचलली, ती काय गाणं न ऐकता?

बाकीचं थोडक्यात. निरोपाच्या कार्यक्रमांची थट्टा मी केली नाही, ती ऑस्ट्रेलियाने केली. वारंवार निरोप घेणाऱ्याला तिथे आजही मेल्बाचं नाव लावतात. "पुरुष असता तर" हे हल्ली कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतं, म्हणून सोडून देते. 'हिशेबी' हा शब्द मी कौतुकाने वापरला होता. आणि तुमच्या नजरेतून सुटलेलं एक: १९०३ मध्ये सिडनीच्या जॉन नॉर्टनने 'ट्रुथ' या वृत्तपत्रात खुलं पत्र छापून तिला दारुडी ठरवलं आणि तिने खटला भरला नाही, हे माझ्या लेखाच्या सातव्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचायला वेळ लागत असेल, समजू शकते.

८ जून १९२६ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहातला तिचा निरोपाचा कार्यक्रम मायक्रोफोन लावून मुद्रित केला गेला. वय ६५. 'ला बोएम' या ऑपेरातल्या मिमीचा निरोप ती गाते, शेवटचे शब्द "आद्दियो, सेन्झा रँकोर", मनात अढी न ठेवता निरोप. मेलबर्नजवळच्या लिलिडेलमधल्या तिच्या थडग्यावरही तेच शब्द आहेत. तो मुद्रित भाग जरूर ऐका, त्यात ती लांबून गात नाही.

मी मात्र अजून अढीबिढी सोडण्यापर्यंत पोचलेले नाही. ते तीन चेहरे काढा, मग पुढचं बोलू.