शैक्षणिक अर्हतेचा रकाना

पावसाळ्यात सांगलीहून ताईचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं. या वेळी तिनं तो विचारूच दिला नाही. विषय भाचीचा होता. ती बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय भूगोल, मायनर म्हणजे जोडविषय संख्याशास्त्र. चौथं वर्ष ऑनर्स करायचं, की तीन वर्षांवर थांबून पाणी, पर्यावरण आणि धोरण असा मिश्र अभ्यासक्रम असलेल्या पदव्युत्तर पदवीला जायचं, यावरून घरात दोन तट पडलेत. भावजी मागून मोठ्यानं म्हणाले, "सगळं थोडं थोडं शिकून ती नक्की होणार कोण? पाटीवर काय लिहायचं?" मग भाचीनंच फोन घेतला. "मावशी, तू सांग यांना. तूही हेच शिकलीस ना?"

हो, हेच शिकले. महाराष्ट्रात स्थापत्य अभियांत्रिकी केली आणि नंतर नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला जमीन आणि पाणी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. तिथं मातीचं शास्त्र, सिंचनाची गणितं, पाण्याचे कायदे आणि गावातली भांडणं हे सगळं एकाच पदवीत येतं. आज मी इथल्या एका जलमंडळात, म्हणजे त्या भागातलं पाणी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेत, काम करते. तरीही भावजींचा प्रश्न मला जुनाट वाटत नाही. त्या प्रश्नानं मला एकदा घरच्या अंगणातून परत पाठवलं आहे.

पदवी हातात आल्यावर मी सांगलीला परतले होते. एका सरकारी कार्यालयात पाणलोटाच्या कामासाठी पद निघालं होतं. जाहिरातीतलं काम वाचताना वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, ग्रामसभेत तो समजावून सांगायचा, आराखडा करायचा. पण खाली शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात एमटेकच्या तीन शाखांची नावं होती आणि माझ्या पदवीचं नाव त्यात नव्हतं. कागदपत्रं तपासणारे गृहस्थ भले होते. त्यांनी माझी गुणपत्रिका दोनदा उलटून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, विषय सगळे आहेत तुमच्याकडे. पण यादीत नाव नाही." मुलाखतीपर्यंत मी पोचलेच नाही.

इथली जाहिरात पाहा. जलमंडळाच्या जागा निघतात तेव्हा बहुतेक वेळा आधी काम सांगितलेलं असतं आणि मग एक ठरलेला शब्दप्रयोग येतो, 'वेर्क-एन-डेंकनिव्हो'. म्हणजे अमुक दर्जाच्या शिक्षणाइतकी काम करण्याची आणि विचार करण्याची पातळी. पूल किंवा धरणभिंतीचं गणित करणाऱ्या पदाला अर्थातच अभियंताच लागतो, तिथं सूट नाही. पण शेतकरी, नगरपालिका, निसर्गप्रेमी आणि अभियंते यांच्यामध्ये उभं राहून प्रकल्प पुढं नेणाऱ्या माणसाला इथं 'ओमखेव्हिंग्स-मॅनेजर' म्हणतात. त्या पदावर मी भूगोलवाले पाहिले, कायद्याचे पाहिले, जीवशास्त्राचे पाहिले. पाटीवर काय लिहायचं याचं उत्तर इथं आहे, कारण नोकरी देणाऱ्यानं आधी पाटी तयार केली.

आणि ती विद्यापीठानं सांगितलं म्हणून केली नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत शिरला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर या देशानं खाड्यांची तोंडं बंद करायला घेतली. ऑस्टरस्खेल्डची खाडीही कायमची बंद व्हायची होती. सत्तरच्या दशकात तिथले शिंपल्यांचे मच्छीमार आणि पर्यावरणवाले उभे राहिले, की खारं पाणी अडलं तर खाडी मरेल. १९७६ मध्ये संसदेनं आराखडा बदलला. भिंतीऐवजी ६२ पोलादी दरवाजे आले, एरवी उघडे आणि वादळात बंद. १९८६ साली ते काम पुरं झालं. त्या वर्षांत काँक्रीटच्या लोकांना भरती-ओहोटीतल्या जिवांबद्दल विचारावं लागलं आणि जीवशास्त्राच्या लोकांना दरवाजाच्या खर्चाबद्दल. विषय आधी कामावर एकत्र आले, अभ्यासक्रमात नंतर. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपण उलटं निघालो आहोत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) असे सगळे रकाने मुलांच्या वेळापत्रकात आले, पण जाहिरातीतला रकाना जिथल्या तिथं राहिला. मग मूल ओपन इलेक्टिव्ह कसं निवडतं? ज्या तासाला शिक्षक मोकळे असतील तो विषय. भाची सांगते, वर्गातल्या निम्म्या मुलींनी तसाच निवडला. 'ही खिचडी आहे' म्हणणारे आणि 'जग बदलतंय' म्हणणारे दोघंही अभ्यासक्रमाकडेच बोट दाखवून भांडतात. गाठ आहे ती भरतीच्या नियमांत.

मिश्र शिक्षण म्हणजे थोडं थोडं शिकणं नव्हे, हे मात्र मला भावजींना शांतपणे सांगायचंय. वाखेनिंगेनला पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या शाखांच्या पाच-सात जणांच्या गटात बसवतात आणि बाहेरच्या खऱ्या संस्थेचं काम देतात. गटात एक मॅनेजर, एक सचिव, एक हिशेब पाहणारा कंट्रोलर. मी कंट्रोलर होते. आमचं काम असं होतं, की नदीला फुगवटा आला तर शेतकऱ्यांनी काही कुरणांत पाणी साठवू द्यावं, त्याची भरपाई घ्यावी. पण कोणी सह्या करत नव्हतं, ते का, हे आम्हाला शोधायचं होतं. माझ्याकडे नकाशा होता, कुठं किती सेंटिमीटर पाणी चढेल ते मी दशांशापर्यंत काढलं होतं. गटातली समाजशास्त्राची मुलगी म्हणाली, आधी जाऊन बसू या.

आम्ही एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यानं नकाशा बाजूला सरकवला आणि एक जाडजूड वही पुढ्यात ठेवली. प्रत्येक वर्षीची गवताची पहिली कापणी कुठल्या तारखेला झाली ते तिच्यात होतं, बहुतेक नोंदी मेच्या सुरुवातीच्या. तो म्हणाला, "डिसेंबरात दोन आठवडे पाणी ठेवा, माझं काही जात नाही. एप्रिलअखेर ठेवलंत तर माझ्या गाईंचं वर्ष गेलं. तुमच्या कागदावर महिना कुठं आहे?" महिना नव्हताच. खोली होती, क्षेत्र होतं, भरपाईचा एकच दर होता. त्या रात्री मी गणित पुन्हा मांडलं, महिन्यानुसार. ते मांडता आलं कारण मला गणित येत होतं, आणि मांडावं लागलं कारण तिला माणसाशी बोलता येत होतं. एकही बाजू कच्ची असती तर आमचा अहवाल निरुपयोगी ठरला असता. म्हणून भाचीला मी म्हटलं, संख्याशास्त्र सोडू नकोस. एक विषय असा हवा की त्यात तुला कोणी हटकू शकणार नाही. बाकीचे त्याच्या आधारानं वाढतात.

असं ऐकणं इथं धोरणातही आलं. १९९५ च्या हिवाळ्यात नद्या फुगल्या आणि अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा देण्याचा कार्यक्रम तीसहून अधिक ठिकाणी झाला. ओव्हरडीप नावाच्या सखल भागात शेतकऱ्यांनीच पर्याय मांडला: आम्हाला उंच टेकाडं करून द्या, घरं-गोठे त्यावर नेतो, खालच्या कुरणात नदी येऊ द्या. आठ टेकाडं उभी राहिली. काही कुटुंबांना मात्र जागा सोडून जावं लागलं, तेही खरं.

परदेशातलं सगळं सोन्याचं आहे असं मी भाचीला सांगणार नाही. इथं बाराव्या वर्षीच मुलाची शाळेची वाट ठरते, आणि चुकीच्या वाटेवर गेलेलं मूल परत वळायला वर्षं लागतात. कलेपासून शास्त्रापर्यंत सगळं शिकवणारी तीन वर्षांची मोकळी पदवी इथंही आहे, पण तिच्यानंतर तांत्रिक पदव्युत्तर शिक्षणाला जायचं तर अनेकांना आधी जोड-अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. युरोपाबाहेरच्या मुलांची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या घरात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला एक वर्ष मिळतं. त्या वर्षात माझ्या बरोबरच्या अभियंत्यांना इंग्रजीवर नोकऱ्या मिळाल्या. मला मिळाली नाही, कारण माझं काम बोलण्याचं होतं आणि शेतकरी डचमध्ये बोलतो.

यातून जे मला कळलं ते मी घरी कधी नीट बोलले नव्हते. गणिताची नोकरी जगात कुठंही नेता येते. विषयांच्या मधोमध उभं राहण्याची नोकरी भाषेला, मातीला, नात्यागोत्याला बांधलेली असते. जे काम सांगलीत मी पहिल्या दिवसापासून करू शकले असते, ते इथं करायला मला चार वर्षं रात्रीच्या वर्गात भाषा शिकावी लागली. आजही म्हातारा शेतकरी बोलीत काही पुटपुटला की मी शेजारच्या सहकाऱ्याकडे बघते. सांगलीत सूर्यवंशी प्लॉटातल्या आजी "पाणी पायरीला लागलं की मी गाद्या माळ्यावर टाकते" म्हणतात, तेव्हा मला किती फूट ते लगेच कळतं.

आणि आपल्याकडे असं काम करणारी माणसं नव्हती असं थोडंच आहे? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे फायदे-तोटे अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेनं तपासले, तो अहवाल १९४८ चा. विलासराव साळुंखे इंजिनिअर होते. ७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात त्यांनी पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर ठरलं, भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस बाद झाला. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र, सितारा, १९८५ पासून आहे. पुण्यात वॉटर (WOTR) आणि अ‍ॅक्वाडॅम या संस्था पाणलोट आणि भूजलात अशीच माणसं घेतात. भाचीसाठी या खऱ्या वाटा आहेत: पाणलोट संस्था, जिल्ह्याचे प्रकल्प, शहरांचे हवामान आराखडे, विम्यातलं जोखमीचं काम, विकास पत्रकारिता. पगार सुरुवातीला इंजिनिअरपेक्षा कमी, बरीच पदं कंत्राटी. भावजींची काळजी इथं खरी आहे आणि मी ती खोडत नाही.

पण सरकार हे सगळ्यात मोठं पाण्याचं दुकान, आणि ते चार काउंटरांवर वाटलेलं आहे. कालव्याचं पाणी जलसंपदाकडे, विहिरीचं भूजल यंत्रणेकडे, नळाचं जीवन प्राधिकरणाकडे, बांधाचं मृद व जलसंधारणाकडे. शेतकऱ्याची विहीर कालव्याच्या पाझरानं भरते, तिथं कुणाच्या शाखेचा माणूस पाठवणार? २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा ५० ओलांडून गेलं. पुराच्या हद्दी दाखवणाऱ्या निळी रेषा, लाल रेषा नकाशावर आखलेल्या आहेत. त्या रेषेतल्या घरात जाऊन, पातळी आणि माणूस दोन्ही वाचून, तुमचं काय करायचं हे ठरवणारं एकही पद मला कुठल्या जाहिरातीत दिसलेलं नाही. ते पद निर्माण करा, त्याच्या अर्हतेत शाखेच्या नावाऐवजी काय करता आलं पाहिजे ते लिहा, हवी तर कडक परीक्षा घ्या. महाविद्यालयांतले मेजर-मायनर मग आपोआप शहाणे होतील.

काल भाचीनं एक फोटो पाठवला. फील्ड प्रोजेक्टसाठी ती गल्लीतल्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा टेपनं मोजतेय, आणि प्रत्येक घरात विचारतेय, पाणी आलं तेव्हा पहिल्यांदा काय उचललं. वहीत एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला: रेशनकार्ड, शिलाई मशीन, शेळी, सासऱ्यांची औषधं. महाविद्यालयाच्या फॉर्मवर विषयाच्या कोडसाठी एकच चौकट आहे. तिनं भूगोलाच्या आणि संख्याशास्त्राच्या दोन्ही सरांच्या सह्या घेतल्या आहेत, आणि टेपचं दुसरं टोक भावजींनी धरलेलं फोटोत दिसतंय.