भिजत घोंगडं, उघडी बॅग

सहलींमुळे महिनाभर एकाही रविवारी घरी न सापडलेल्या माणसाला जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, मजा केलीस?" मजा तर झालीच. तिचे पुरावे फोनमधल्या २,३०० फोटोंत आहेत, हिशेब चार वेगवेगळ्या ग्रुपवर लोंबकळतोय आणि वास पलंगाखालच्या बॅगेतून येतोय. गेल्या महिन्याकडे मागे वळून बघायचं म्हणजे खिडकीशी बसून आठवणींत रमायचं, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. मागे वळून बघायच्या आधी खाली वाकावं लागतं आणि पलंगाखालून बॅग ओढावी लागते.

बॅग उद्या आवरू, असं आपण घरी पोचल्याच्या रात्री म्हणतो. हा उद्या पुढच्या सहलीच्या आदल्या रात्री उगवतो. माझं म्हणणं एवढंच, की आवरू नका, पण चेन उघडा आणि ओलं असेल ते बाहेर काढून कुठेही पसरा. दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर जो कुबट वास येतो, त्याला बऱ्याचदा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू जबाबदार असतो. नाव पाहुण्यासारखं भारदस्त आहे आणि वागणूकही तशीच. एकदा आला की जात नाही. कपडे वाळले तरी तो तग धरतो, धुतले तरी थोडाफार उरतो, म्हणून कपाटातून काढलेला 'स्वच्छ' टॉवेल तोंड ओलं झाल्याबरोबर पुन्हा खरं बोलायला लागतो. सुती टॉवेलवरच्या धुण्याच्या सूचनांच्या पट्टीवर परवानगी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. वास दाबायला सुगंधी कंडिशनर ओतणं हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि तो उलटतो. कंडिशनरचा थर धाग्यांवर बसतो, टॉवेल पाणी शोषेनासा होतो आणि वासाला बसायला गादी मिळते.

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरचे नारिंगी-पिवळे डाग ही दुसरी भेट. प्रवासात ते दिसत नाहीत, घरी धुतल्यावर उमटतात, त्यामुळे आळ वॉशिंग मशीनवर येतो. मशीन निर्दोष आहे. पुष्कळ सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचं ऊन अडवणारं रसायन असतं, पाण्यातल्या लोहाशी त्याचं जुळलं की गंजासारखा डाग पडतो. माणूस चिडून त्यावर ब्लीच ओततो आणि डाग अधिकच गडद होतो. कापड कोरडं असतानाच डागावर भांड्यांचा लिक्विड साबण चोळायचा, म्हणजे तेलकट भाग सुटतो. धुऊनही गंजाचा रंग उरलाच तर लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड. आधी आतल्या शिवणीवर लावून बघा, नाहीतर डागाबरोबर शर्टाचाही रंग जायचा.

बूट भिजले असतील तर त्यांना उन्हात किंवा हीटरसमोर तापवायची घाई नको. तळव्याचा गोंद उष्णतेनं सैल होतो आणि पुढच्या सहलीत, बरोबर चढावर, बूट तोंड उघडून बोलायला लागतो. नाडी सैल करायची, आतला सोल वेगळा काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत ठेवायचे. बोळे तास-दोन तासांनी बदलायचे. हे शेवटचं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं, करत कोणी नाही. तोच ओला कागद दोन दिवस आत ठेवला तर तो बुटाला वाळवत नाही, सोबत करतो. वाळूचं उलट आहे. ओली वाळू झटकायला जाऊ नये, पाणी तिला कापडाला चिकटवून धरतं. पूर्ण वाळू द्यावी, मग ती आपण होऊन पडते. जमिनीवर पडते, ही गोष्ट वेगळी.

आता बॅगेचा बाजूचा कप्पा. इथे महिन्याचा खरा इतिहास असतो. अर्धी रिकामी शाम्पूची बाटली, जी डोंगरावर सांडली आणि खाली आल्यावर कुणीतरी पिळल्यासारखी चेपली. यात झाकणाचा दोष कमी, हवेचा जास्त. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतो. बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पूला दार दाखवते. विमानाच्या केबिनमध्येही जवळपास हेच घडतं. बाटली काठोकाठ भरलेली असावी, नाहीतर हलकेच दाबून हवा काढून झाकण लावावं, आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा एक तुकडा द्यावा. अर्धी बाटली सर्वांत धोकेबाज, आणि आपण नेहमी तीच नेतो, 'संपवून टाकू' म्हणून.

त्याच कप्प्यात पावत्यांची एक गुंडाळी असते. उलगडली तर कोरी. थर्मल कागदावर शाई नसतेच. कागदावरचा थर उष्णतेनं काळा होतो, तेवढीच छपाई. गाडीच्या डॅशबोर्डवर तापली की अख्खी पावती काळवंडते. क्रीमचा हात लागला किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात दाबून राहिली की पुसट होत होत मावळते. पावती हातात पडली की तिथेच तिचा फोटो काढावा. तो न काढण्याची किंमत पुढे हिशेबात मोजावी लागते.

हिशेब! मैत्री कशानंही तुटत नाही म्हणतात, पण 'मी त्या दिवशी टॅक्सीचे दिले होते ना?' या एका प्रश्नानं तिला तडा जायला सुरुवात होते. सगळा गोंधळ पद्धतीचा आहे. आठ जणांचा ग्रुप असेल तर कोण कोणाचं देणं लागतो, अशा २८ जोड्या होतात, आणि लोक खरोखर २८ जोड्यांचा विचार करत बसतात. "तू मला दे, मी त्याला देतो, तो तुझं वळतं करेल." हे काही करायचं नसतं. प्रत्येकानं एकूण किती भरले ते लिहा, त्यातून त्याचा वाटा वजा करा. उत्तर अधिक आलं तर त्याला यायचेत, उणे आलं तर द्यायचेत. समजा तिघांत पहिल्यानं ९०० भरले, दुसऱ्यानं ३००, तिसऱ्यानं फक्त फोटो काढले. एकूण १,२००, वाटा ४०० प्रत्येकी. पहिला अधिक ५००, दुसरा उणे १००, तिसरा उणे ४००. दोन व्यवहारांत खेळ खलास. आठ जणांतही जास्तीत जास्त सातच व्यवहार लागतात, कधी त्याहूनही कमी.

चुका ठरलेल्या जागी होतात. एकच खर्च भरणाऱ्यानंही लिहिला आणि उत्साही खजिनदारानंही लिहिला, तर तो दोनदा चढतो. अनामत रक्कम परत मिळालेली असते, ती वजा करायला कुणीच धजत नाही, कारण ती कुणाच्या खिशात आहे ते विचारावं लागेल. आणि दोघं दुसऱ्या दिवशी येऊन मिळालेले असतात. त्यांच्यासाठी मुक्कामाचा खर्च डोक्यांवर भागू नका, माणूस-रात्रींवर भागा. सहा जण दोन रात्री आणि दोघं एक रात्र म्हणजे १४ माणूस-रात्री. रकमेला १४ नं भागायचं, जो जितक्या रात्री झोपला तितके वाटे त्याचे. झोपला नाही, रात्रभर गप्पाच मारल्या, हा युक्तिवाद ग्राह्य धरू नये.

हा हिशेब परतीच्या गाडीत मात्र करू नये. यामागे शास्त्र आहे. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या फेरीत तेच ६० सेकंद, आणि वर ३० सेकंद पाणी किंचित कोमट करत १५ अंशांपर्यंत नेलं. नंतर विचारलं, यांतलं कोणतं पुन्हा कराल? बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्याचा कळस आणि शेवट आपल्या लक्षात राहतो. तेव्हा तीन दिवसांच्या सहलीचा शेवट "तुझे १४० राहिले" या वाक्यावर करणाऱ्या खजिनदारानं तीन दिवसांवर पाणी ओतलेलं असतं, तेही १४ अंशांचं. पावत्यांचे फोटो जागच्या जागी, आकडेमोड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. चौथ्या दिवसानंतर मात्र सगळ्यांची स्मरणशक्ती स्वतःच्या बाजूनं काम करू लागते.

फोटोंचं घोंगडं सर्वांत जास्त भिजतं. एकाच सूर्यास्ताचे ४१ फोटो, त्यातल्या ३९ मध्ये सूर्य तेवढाच बुडालेला. निवडायला बसलं की पहिल्या फोटोवरच माणूस विरघळतो आणि तासाभरानं ११ फोटो बघून झालेले असतात. पहिल्या फेरीत चांगलं शोधायचंच नाही, फक्त वाईट उडवायचं: हललेले, बोट आलेले, खिशात आपोआप निघालेले. एका फोटोला एक सेकंद. दुसऱ्या फेरीत एकसारख्यांतला एक ठेवायचा. तिसऱ्या फेरीला एक दिवस मध्ये जाऊ द्यायचा. उडवलेले फोटो बहुतेक फोनमध्ये साधारण ३० दिवस कचरापेटीत पडून असतात, त्यामुळे '९०० उडवले तरी जागा भरलेलीच!' हा आक्रोश व्यर्थ आहे. पेटी रिकामी करा.

सगळ्यांचे फोटो एकत्र करायला घेतले की आणखी मजा. मेसेजिंग ॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकसतो आणि वाटेत त्याची मूळ तारीख-वेळही बहुधा गळून पडते. मग क्रम लावताना रात्रीची शेकोटी सकाळच्या चढणीच्या आधी येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. ज्याच्याकडे वेगळा कॅमेरा आहे, त्याचं घड्याळ तर हमखास चुकलेलं. फोन नेटवर्कवरून वेळ दुरुस्त करतो, कॅमेरा मात्र कधीकाळी लावलेल्या वेळेशी एकनिष्ठ राहतो. अशा वेळी सगळ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधायचा. कुणीतरी पाण्यात पडण्याचा क्षण यासाठी आदर्श, तो कुणी सोडत नाही. त्या दोन फोटोंतला वेळेचा फरक काढायचा आणि फोटोंच्या कोणत्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे सरकवायचे.

ग्रुप फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच, यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी रीतसर गणित मांडलं आणि गमतीदार संशोधनाला मिळणारं इग नोबेल, २००६ चं, गणितासाठी, मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ नं भागा, कमी असताना २ नं. बारा जण असतील तर चार किंवा सहा फोटो काढा, एक तरी सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांचा निघण्याची बऱ्यापैकी खात्री. पन्नासच्या आसपास माणसं असतील तर आशा सोडा. सूत्रात एक उणीव आहे. डोळे उघडे असूनही 'माझा चांगला नाही आला' म्हणणाऱ्यांचा भाजक त्यात नाही.

डोळ्यांवरून झोप आठवली. महिन्यात तीन-चार मुक्काम झाले की माणूस दमतो तो नुसता चालून नव्हे. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध झोपते, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं. म्हणजे अर्धा मेंदू पहाऱ्यावर. दुसऱ्या रात्री तो सैलावतो, पण आपण दर वेळी एकाच रात्रीसाठी गेलो तर महिनाभर पहाराच. दोन जागी एकेक रात्र काढण्यापेक्षा एका जागी दोन काढाव्यात. घरची उशी नेल्यानं फरक पडतो, असं उशी नेणारे ठामपणे सांगतात. त्यांच्या बॅगेत बाकी काही मावत नाही, हे ते सांगत नाहीत.

बॅग शेवटी रिकामी झाली की ती लगेच माळ्यावर टाकू नये. उलटी करून झटकावी, चाकांत गुंडाळलेले केस कात्रीनं कापावेत, चेन उघडी ठेवून दिवसभर वाऱ्यावर ठेवावी. पॉवर बँक ठणठणीत रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता निम्मी चार्ज करून ठेवावी. आणि घडी न मोडता परत आलेल्या वस्तू एका कागदावर लिहून तो कागद बॅगेतच ठेवावा. नेण्याच्या वस्तूंची यादी सगळे करतात. उगाच नेलेल्यांची यादी मला जास्त उपयोगाची वाटते. तिच्यात पहिल्या क्रमांकावर बहुधा 'निवांत वाचायला' नेलेलं जाडजूड पुस्तक असतं, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा जातंच.

तळाशी उरतो एक मोजा. आपला नसलेला. परक्या वस्तूचा फोटो काढून ग्रुपवर 'कोणाचं?' म्हणून टाकायची रीत आहे, त्यात वस्तू एकेक करून टाकावी, सगळ्या एकदम टाकल्या की उत्तरं कुठल्या वस्तूबद्दल आहेत ते कळत नाही. चार्जर टाकला की पाच मिनिटांत दोन दावेदार उभे राहतात. मोज्याचा फोटो मात्र सगळे बघतात, वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात, आणि मग कुणीतरी लिहितं, "पुढच्या महिन्यात कुठे जायचं?"