झिरो मारून बघा

कालपासून माझ्या उजव्या कानात टूं-टूं-टूं वाजतंय. आमच्या ऑफिसच्या ईपीएबीएक्सने, म्हणजे सगळे फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणाऱ्या मशिनने, मला अडीच तास तेवढंच ऐकवलं.

काम क्षुल्लक होतं. खाली वॉचमनच्या केबिनमधल्या फोनवरून बाहेर फोन लागायला हवा, बस. रिसेप्शनच्या फोनला स्क्रीन तरी आहे. केबिनमधला बिचारा ॲनालॉग. दोन तारा, बारा बटणं, आणि मनातलं सांगायला फक्त टोन. मेन्टेनन्सचा करार साहेबांनी काटकसर म्हणून वाढवला नाही, आणि "तुम्ही इंजिनिअर ना?" असंही तेच म्हणाले. मी सिव्हिल आहे.

प्रोग्रॅमिंग पहिल्या एक्स्टेंशनवरूनच करायचं. कोड, पासवर्ड, पोर्टचा नंबर, मग त्या पोर्टला काय परवानगी ते. जमलं तर एक लांब बीप, चुकलं तर तुटक-तुटक. आठव्या खेपेला लांब बीप आली. केबिनमध्ये धावलो, झिरो मारला, बाहेरचा टोन आला. माझाच मोबाइल लावला. टूं-टूं-टूं.

भानगड दुसऱ्या झिरोची. पहिला झिरो आमच्या मशिनचा, दुसरा सरकारचा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावंच लागतं. त्यामुळे म्हणे सुमारे २५४ कोटी नवे नंबर मोकळे होतात. होईनात का! आमचं मशिन त्याहून म्हातारं. बाहेरच्या टोननंतर शून्य आलं की त्याच्या लेखी ती एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा फोन, आणि एसटीडीला कुलूप.

कुलूप लावणारे अकाउंट्सचे काका. रिटायर झाले, तरी मंगळवार-शुक्रवार व्हाउचर तपासायला येतात. हे डायलच्या फोनला खरंखुरं पितळी कुलूप लावणाऱ्या पिढीतले. त्या काळात हुकावर आकड्याइतकं टपटप करून कुलपासकट फोन लावणारे महाभागही होते. काकांनी म्हणे असा एक जण नुसत्या टपटपीवरून पकडला होता, नंबरासकट.

काल नेमका मंगळवार.

"शून्य उघडताय?"

"मोबाइलपुरतं, काका."

"शून्य उघडलं की अख्खा देश उघडला."

"नाही हो. मोबाइल सहा, सात, आठ, नऊनेच सुरू होतात. तेवढेच उघडतो."

काकांनी डोळे मिटले. आता अथर्वशीर्षच सुरू होतंय की काय असं वाटलं. "शून्य सात नऊ, अहमदाबाद. शून्य सात एक दोन, नागपूर. शून्य आठ शून्य, बेंगळूर." मग आवाज खाली आणून, "शून्य आठ तीन दोन. पणजी."

"बरं, मग?"

"वॉचमन रात्री एकटा असतो."

"काका, त्याचं पणजीला कोण आहे? तो बुलढाण्याचा."

"शून्य सात दोन सहा दोन," काका म्हणाले.

यावर काय बोलणार! तरी बोललो. "आपल्या प्लॅनमध्ये आता एसटीडीचे वेगळे पैसे पडत नाहीत."

"पैसे पडत नाहीत म्हणून शिस्त सोडायची?"

इथे माझं डोकं सटकलं. दोन वर्षं तो माणूस ऑफिसच्या कामाचे फोन स्वतःच्या रिचार्जमधून करतोय. त्याचं व्हाउचर कुठल्या फायलीला आहे? हे मी मोठ्याने बोललो नाही. काकांनी अजून माझं जूनचं प्रवासबिल पास केलेलं नाही.

शेवटी साहेबांनी काचेमागून मान हलवली आणि मी सहा ते नऊ उघडले. लांब बीप. काका म्हणाले, "टेस्टिंग मी करतो." पाऊस पडत होता, म्हणून छत्री मी धरायची. केबिनमध्ये दोघंच मावतात, म्हणून वॉचमन बाहेर, आपल्या मोबाइलवरून कुरिअरवाल्याला पत्ता सांगत.

काकांनी झिरो मारला. मग आणखी एक. मग सात, एक, दोन.

"हॅलो, अक्का? मी बोलतोय. नागपुरात पाऊस कसाय?"

अकरा मिनिटं. अक्काचे गुडघे, भाच्याचं लग्न आणि हॉलवाल्याने बुडवलेलं डिपॉझिट, सगळं झालं. मग काकांनी रिसीव्हर रुमालाने पुसून ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"आवाज जरा खरखरतो. बघून घ्या."