उडदामाजी काळे गोरे?

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला गेलो असता, रात्रीची जेवणे आटोपल्यावर मामांनी अमेरिकेच्या राजकारणाचा निकाल एका वाक्यात लावला : ‘‘डेमोक्रॅट काय आणि रिपब्लिकन काय, उडदामाजी काळे गोरे.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. डॅलसला परतून कित्येक महिने झाले, तरी ते वाक्य मला अजून सलते आहे.

मामांच्या बाजूचा पुरावा थोडा नाही, हे मान्य. इराकवरील युद्धाला २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी संमती दिली, तेव्हा होकार देणाऱ्यांत २९ डेमोक्रॅट होते. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत चिनी मालावर लावलेले आयातशुल्क बायडेन यांनी बहुतांशी तसेच ठेवले. गरिबांच्या सरकारी मदतीला कात्री लावणाऱ्या १९९६ च्या कायद्यावर सही आहे ती क्लिंटन यांची.

परंतु टेक्ससमध्ये मुलगी वाढवणाऱ्या बापाचे एवढ्याने समाधान होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर रिपब्लिकन सत्तेखालच्या आमच्या राज्यात तो जवळजवळ पूर्ण बंद झाला. शेजारच्या न्यू मेक्सिकोत डेमोक्रॅटांच्या सत्तेमुळे तो कायदेशीर राहिला. ओबामांच्या आरोग्य कायद्यानुसार ४० राज्यांनी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, वाढवले, टेक्ससने अद्याप नाही. त्या कायद्याला मार्च २०१० मध्ये एकाही रिपब्लिकन सदस्याने मत दिले नव्हते, आणि तेही पक्षांतरबंदीचा कायदा नसताना. आपल्याकडे तो १९८५ पासून आहे, तरीही २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी दुभंगली, आणि कालपर्यंत एकमेकांवर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे एकाच मंत्रिमंडळात बसले. काळे-गोरे निवडण्याची पंचाईत खरी कोणाची आहे, हे मामांनी एकदा तपासून पाहावे.

हे सारे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवू शकलो असतो, पण त्याआधीच त्यांनी विचारले, ‘‘मग तू मत कोणाला देतोस?’’ मतदान गुप्त असते, असे सांगून मी पाणी आणायला उठलो.

खरे असे की, मी २००४ मध्ये विद्यार्थी म्हणून इथे आलो आणि २०१४ पासून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. लोकसंख्या कितीही असो, कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत. ही मर्यादा उठवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले, सिनेटने २०२० च्या डिसेंबरात आपले वेगळे रूप संमत केले, आणि दोन्ही तसेच बारगळले. माझ्या आयुष्याला सर्वांत जवळून भिडणाऱ्या या एका प्रश्नात मामांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि नेमके तेच मला त्यांच्यापाशी कबूल करवले नाही. साताऱ्यात मत द्यायचे तर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. इतक्या वर्षांत तेही एकदाही साधले नाही.

इथे जन्मलेल्या माझ्या मुलीने २०२४ मध्ये अर्ली व्होटिंगला, म्हणजे मुख्य दिवसाआधीच्या मतदानात, पहिले मत दिले. तिला वाचनालयाच्या दारापर्यंत मीच सोडले, आणि ती बाहेर येईपर्यंत गाडीत बसून राहिलो.