लीक टेस्टची मर्यादा आणि कूलरचा झोत

जळगाव एमआयडीसीतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'लीक टेस्टची मर्यादा शून्य ठेवा. नाहीच जमलं तर जमेल तितकी कडक करा, माल आपोआप सुधारतो. पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडा दिसला नाही की पास. आणि एकदा बसवलेली मर्यादा सगळ्या साइजला चालते.'

आमच्या मशीनवरची लीक टेस्ट म्हणजे पीसमध्ये दाबाने हवा भरायची, थोडं थांबायचं आणि मग दाब किती पास्कलने उतरतो ते मोजायचं; मर्यादेपेक्षा जास्त उतरला की पीस रिजेक्ट. आधी शून्याचं बघू. ठिबकचा व्हॉल्व्ह पाणी अडवण्यासाठी असतो आणि आपण तपासतो हवेने. पाणी हवेपेक्षा पन्नासएक पट चिवट. हवा झिरपेल त्या बारीक फटीतून पाणी बाहेर येईलच असं नाही. म्हणजे विचारायचं ते हे, की रावेरच्या केळीबागेत हा व्हॉल्व्ह किती गळला तर शेतकरी तो परत आणून आपटेल? त्यावरून हवेची मर्यादा काढायची.

बुडबुड्याबद्दल थोडक्यात. ३ मिलिमीटरचा बुडबुडा म्हणजे ०.०१४ सीसी हवा. दहा सेकंदांनी एक सुटत असेल तर मिनिटाला ०.०८ सीसी. टबाकडे पाचच सेकंद बघणाऱ्याला तो दिसेलच कसा?

आता 'कडक करा'. हे मी स्वतः करून पस्तावलोय. मे महिना, शेडमध्ये बेचाळीस अंश. मर्यादा ५० पास्कलवरून २५ वर आणली आणि दुपारी चांगले पीस धडाधड रिजेक्ट. अमळनेरकडचा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, मशीन येडं व्हई गयं." मशीन शहाणंच होतं. जेवणानंतर कोणीतरी कूलरचं तोंड फिक्श्चरकडे, म्हणजे टेस्टला पीस घट्ट धरणाऱ्या पकडीकडे, वळवलं होतं. २ बार दाबाला आतली हवा एका अंशाने थंड झाली तरी दाब हजारेक पास्कलने उतरतो. ५० पास्कलला अंशाचा विसावा भाग पुरतो, २५ ला चाळिसावा! उलट गरम फिक्श्चरवर थंड पीस बसला तर दाब चढतो आणि खरी गळती झाकली जाते. म्हणून वरच्या मर्यादेइतकीच खालचीही लागते. दाब उतरल्याचा आकडा फार उणे गेला, म्हणजे दाब उलट चढला, तर पीस बाजूला काढून पुन्हा तपासायचा.

साइजचं तर साधं गणित आहे. आत १०० सीसी जागा असलेल्या पीसमध्ये दहा सेकंदांत ५० पास्कल उतरले तर गळती मिनिटाला ०.३ सीसी. ५०० सीसीच्या पीसला तेच ५० पास्कल म्हणजे दीड सीसी. पाचपट गळका माल, आणि दिवा हिरवाच!

आम्ही आता खात्रीचा चांगला पीस तीस वेळा लावतो, मग त्यालाच, किती गळतं ते आधीच मोजलेलं एक बारीक भोक जोडून पुन्हा तीस वेळा. दोन्हीकडचे आकडे किती पसरतात ते बघून मधे रेघ मारतो. पसारे एकमेकांत घुसले तर मर्यादेला हात लावत नाही, भरल्यानंतर थांबायचा वेळ वाढवतो.

कूलर अजून तिथेच आहे, माणसांना उकडतंच. फिक्श्चरला तेवढं ॲक्रिलिकचं झाकण केलंय.